शेवटचा धोबी कधी गेला?

पक्ष्यांचे येणे लक्षात येते, जाणे येत नाही. सप्टेंबरच्या सुमारास करडा धोबी बंगळुरूच्या एखाद्या ओढ्यावर शेपटी वरखाली करत उतरला की पाहणारा त्याच दिवशी वहीत तारीख टाकतो, कारण काल जे नव्हते ते आज समोर आहे. मार्च-एप्रिलमध्ये हाच पक्षी एका रात्री निघून जातो तेव्हा कोणाला काहीच जाणवत नाही. पाहुणा येताना दार वाजवतो. न सांगता गेला तर घराला ते दुपारी कधीतरी उमगते, तसे हे आहे. आज धोबी दिसला नाही म्हणजे तो गेलाच असे म्हणता येत नाही. तो पलीकडच्या काठावर असेल, किंवा पाहणाराच घाईत असेल. म्हणून ‘शेवटचा दिसला’ अशी तारीख लिहायची असेल तर पक्षी गेल्यानंतरही त्याच जागी, तेवढ्याच चिकाटीने बघत राहावे लागते. वसंतातल्या स्थलांतरात एका परिसरातले पक्षीनिरीक्षक एकमेकांना ज्या नवलाच्या नोंदी कळवतात, त्यांचे खरे मोल मला इथे दिसते. कोणता पक्षी दिसला यापेक्षा कोणत्या तारखेला दिसला हे त्या नोंदीत अधिक महत्त्वाचे असते, आणि त्या तारखेला अर्थ येतो तो आजूबाजूच्या शेकडो साध्या, नेहमीच्या नोंदींमुळे. नवल एकट्याने उभे राहत नाही.

हे तपासायला मारतहळ्ळीसारखी जागा हवी. राखीव जंगल नाही, अभयारण्य नाही. बाह्य वर्तुळाकार रस्ता आणि जुन्या विमानतळाकडून वर्तूरकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात ते बंगळुरूच्या पूर्वेचे गजबजलेले उपनगर. संगणक कंपन्यांत काम करणारी हजारो मराठी कुटुंबे आज याच पट्ट्यात राहतात. पण नकाशा पाण्याच्या अंगाने वाचला तर हा भाग वेगळाच दिसतो. दक्षिणेला बेळ्ळंदूर तलाव, शहरातला सर्वांत मोठा. तो भरला की पाणी पूर्वेला वर्तूर तलावात उतरते आणि तिथून पुढे दक्षिण पिनाकिनी नदीला मिळते. मुन्नेकोळल, दोड्डनेक्कुंदी, कुंदलहळ्ळी ही लहान तळी आसपास विखुरलेली, आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या जुन्या विमानतळाचे मोकळे माळरान पश्चिमेला. बेळ्ळंदूर-वर्तूरची देशभर झालेली ओळख मात्र फेसाची आणि आगीची आहे: मे २०१५ मध्ये बेळ्ळंदूरच्या पाण्यावरच्या फेसाने पेट घेतला, आणि जानेवारी २०१८ मधली आग विझवायला लष्कराचे जवान उतरले. एवढे होऊनही पक्षी येत राहिले. सांडपाण्याच्या चिखलात किड्यांच्या अळ्या भरपूर असतात आणि तुतारी, शेकाट्या, धोबी यांना त्याच हव्या असतात. पाणी स्वच्छ असल्याचा तो दाखला नव्हे. हजारो किलोमीटर जाणाऱ्या पक्ष्याला वाटेत जिथे खायला मिळेल तिथे थांबण्यावाचून गत्यंतर नसते, एवढेच त्यातून कळते.

बंगळुरूत बघणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, आणि तिचा एक धागा मुंबईहून आलेला आहे. सलीम अलींनी १९३९-४० मध्ये तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती क्रमशः आली. हौशी निरीक्षकांसाठी १९६० च्या सुमारास मुंबईत जफर फतेहअलींनी ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’ सुरू केले आणि ते स्वतः बंगळुरूला स्थायिक झाल्यावर ते तिथूनच निघू लागले. १९७२ मध्ये शहरात पक्षीनिरीक्षकांचा फील्ड क्लब उभा राहिला. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लालबागेत जमायचे, फिरायचे, दिसले ते नोंदवायचे, असा त्याचा साधा शिरस्ता होता. त्या मंडळींच्या वह्यांवरून जोसेफ जॉर्ज यांनी संपादित केलेली बंगळुरूच्या पक्ष्यांची सटीप सूची १९९४ मध्ये छापली गेली. आज एखादा पक्षी इथे ‘अनपेक्षित’ आहे असे कोणी म्हणते तेव्हा त्या म्हणण्यामागे ही सूची असते. पुढचे पाऊलही याच शहरात पडले. २००७ मध्ये राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून ‘मायग्रंटवॉच’ सुरू झाले आणि त्याने देशभरच्या हौशी लोकांना दोनच प्रश्न विचारले: हिवाळी पाहुणा या मोसमात पहिल्यांदा कधी दिसला, आणि शेवटचा कधी? सुरुवात नऊ जातींपासून झाली, नंतर त्या तीस झाल्या. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे किती अवघड आहे हे ज्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला त्यांना लगेच कळले असणार.

वसंतात काही गोष्टी अशा दिसतात की त्या वर्षाच्या दुसऱ्या कोणत्याही काळात दिसत नाहीत. पिवळा धोबी घ्या. डिसेंबरात वर्तूरच्या काठच्या गवतात चरणारे पिवळे धोबी बहुतेक मळकट, एकसारखे. ते कुठून आले हे त्यांच्या अंगावर लिहिलेले नसते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून ते पिसे बदलतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये नरांची डोकी रंगून निघतात. कोणाचे डोके काळेभोर, कोणाचे गडद राखाडी आणि भुवई जवळजवळ नाहीच, कोणाचे फिकट निळसर राखाडी आणि वर ठळक पांढरी भुवई. काळ्या डोक्याचे विणीला बाल्कनपासून मध्य आशियापर्यंतच्या प्रदेशात जातात, गडद राखाडी डोक्याचे स्कँडिनेव्हिया ते सायबेरिया या उत्तरेच्या पट्ट्यात, आणि पांढऱ्या भुवईचे पश्चिम सायबेरिया व कझाकस्तानकडे. म्हणजे निघण्याच्या आधीच्या चार-सहा आठवड्यांत हा पक्षी आपला पत्ता डोक्यावर मिरवतो. यातली पांढऱ्या भुवईची उपजात शास्त्राला पहिल्यांदा सांगितली ती मुंबई सरकारचा दख्खनमधला सांख्यिकी अधिकारी कर्नल साइक्स याने, १८३२ मध्ये, आपल्याच पठारावर पाहिलेल्या पक्ष्यांवरून. आज मारतहळ्ळीच्या एखाद्या तळ्यावर २५ मार्चला तिन्ही डोक्यांचे धोबी किती-किती होते हे कोणी लिहिले, तर युरोप-आशियाच्या कोणकोणत्या भागांतले पक्षी एका तळ्यावर एकत्र हिवाळा काढतात हे त्यातून कळते, आणि त्यासाठी कोणाच्या पायात कडे घालावे लागत नाही. अशी नोंद मला एखाद्या चुकून वाट वाकडी केलेल्या दुर्मिळ पक्ष्याच्या छायाचित्राहून जास्त मोलाची वाटते.

भोरड्यांचे तसेच. गुलाबी अंगाच्या या मैनांचे थवे आपण ज्वारीच्या शेतांवर पाहतो. मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेतून उत्तरेला परतताना ते शहरातल्या वडा-पिंपळांवर, फुललेल्या पांगाऱ्यावर उतरतात, काळा-गुलाबी रंग तेव्हा पुरता झळाळलेला असतो. एप्रिल संपता-संपता ते जातात आणि जुलै-ऑगस्टमध्ये परत यायलाही लागतात. म्हणजे यांची अनुपस्थिती उणीपुरी तीन महिन्यांची, आणि तिच्या दोन्ही कडा नेमक्या कुठे आहेत हे ठरवायचे तर मे आणि जून या पक्षीनिरीक्षणाच्या दृष्टीने रिकाम्या मानलेल्या महिन्यांत कोणीतरी बघत असायला हवे. नवरंगाची गोष्ट आणखी वेगळी. हा जमिनीवर पाचोळा उलटून किडे खाणारा पक्षी दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत हिवाळा काढतो, मध्य भारत, कोकणापर्यंतचा सह्याद्री आणि हिमालयाच्या पायथ्याशी वीण करतो, आणि प्रवास रात्री करतो. एप्रिल-मेमध्ये बंगळुरू त्याच्या वाटेवर येते. दिव्यांनी भुललेला, थकलेला नवरंग काचेच्या भिंतीवर आपटून पहाटे आवारात सापडतो, आणि मारतहळ्ळीसारख्या काचेच्या इमारतींच्या भागात ही शक्यता मोठी असते. पहाटे झाडलोट करणाऱ्या कामगाराला आणि पहारेकऱ्याला तो आधी दिसतो, दुर्बीणवाल्याला नंतर. त्यांचे सांगणे नोंदीत आले नाही तर या वाटेवर काय घडते त्याचा मोठा भाग आपल्याला कधीच कळणार नाही.

आता आपल्या गणनांचे वर्षाचे वेळापत्रक पाहा. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालते, ती जानेवारीत. परसातल्या पक्ष्यांची जागतिक गणना भारतात २०१३ पासून होते, ती फेब्रुवारीत, चार दिवस. केरळचा पक्षीनकाशा हे हौशी लोकांनी २०१५ ते २०२० या काळात केलेले असामान्य काम. पण त्याचा कोरडा मोसम जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, आणि ओला मोसम जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. यात चूक काही नाही. हिवाळी पाहुणे किती आहेत ते मोजायचे तर ते स्थिर असताना मोजावे, हे बरोबरच आहे. मे महिन्यात जगभर एकाच दिवशी होणारी मोजणीही आहे, केरळात विषूच्या सुमारास यादी करण्याचा उपक्रम आहे. पण एका दिवसाची मोजणी म्हणजे हलत्या गोष्टीचे एक छायाचित्र. निघण्याचा काळ आठ-दहा आठवड्यांचा, आणि त्यातला प्रत्येक आठवडा वेगळा. ही पोकळी सरकारी योजना भरणार नाही, विद्यापीठाचा एखादा संशोधकही एकटा भरू शकणार नाही. ती भरू शकतात फक्त त्याच तळ्याजवळ राहणारी माणसे, कारण त्यांना तिथे जाण्यासाठी प्रवास करावा लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असतो तो चुकांचा, आणि तो खरा आहे. हौशी निरीक्षक चुकतात. वसंतात तर विशेष चुकतात. मेच्या मध्यावर पांढरा धोबी दिसल्याची बातमी आली की अनुभवी माणूस आधी एकच विचारतो: भुवई कशी होती, आणि कपाळ? कारण आपल्याकडे बारमाही राहणारा, काळ्या डोक्याचा आणि ठळक पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी त्याच तळ्याच्या काठावर असतो. हिवाळी पाहुण्याचे कपाळ आणि चेहरा पांढरा असतो. या घरच्या धोब्याचे कपाळ काळे. नवख्याच्या ‘उशिराच्या’ नोंदींपैकी बऱ्याच अशा घरच्याच पक्ष्याच्या निघतात. पण याचा उपाय नोंदी बंद करणे हा नाही. ईबर्डसारख्या नोंदपद्धतीत त्या भागात त्या महिन्यात अपेक्षित नसलेला पक्षी टाकला की तपशील मागितला जातो, आणि स्थानिक जाणकार स्वयंसेवक तो तपासतात. छायाचित्र असेल तर उत्तम. नसेल तर वर्णन, आवाज, किती अंतरावरून, किती वेळ. हिरवट पर्ण वटवट्या हा सात-आठ ग्रॅमचा पक्षी झाडाच्या शेंड्यात नीट दिसतच नाही, पण त्याची दोन तुकड्यांत तुटणारी धारदार हाक भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित झाली तर शंका उरत नाही. आणि परिसरातले दहा जण त्याच तळ्यावर जात असतील तर एकाची चूक दुसऱ्या सकाळी दुसऱ्याला पडताळून पाहता येते. एकटा माणूस किती का हुशार असेना, ही सोय त्याला नसते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि त्याचे उत्तर देताना माझ्याच म्हणण्याला थोडी मुरड घालावी लागते. बघणारे वाढले की पहिली तारीख आपोआप अलीकडे सरकते आणि शेवटची पलीकडे. पक्षी काहीच वेगळे करत नसतात. पाच जणांऐवजी पाचशे जण शोधत असतील तर एखादा रेंगाळलेला पक्षी कोणाला तरी सापडणारच. तेव्हा १९९४ च्या सूचीतली तारीख आणि आजची तारीख शेजारी ठेवून ‘धोबी आता उशिरा जाऊ लागले’ असे म्हणणे निराधार ठरेल. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम याने १७३६ मध्ये वसंताच्या खुणांची नोंद सुरू केली आणि त्याच्या घराण्याने ती १९५८ पर्यंत चालवली. तिचे सामर्थ्य यात आहे की जागा तीच राहिली आणि बघणारे घर तेच राहिले. आपल्या शहरांत तसे घराणे नाही. म्हणून टोकाच्या तारखेवर विसंबायचे नाही. दर आठवड्याला केलेल्या याद्यांपैकी किती याद्यांत तो पक्षी आहे, हे प्रमाण पाहायचे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दहापैकी आठ याद्यांत, अखेरीस चारांत, एप्रिलच्या मध्यात एकात: ही उतरण बघणाऱ्यांची संख्या वाढल्याने तितकीशी बिघडत नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल याच तत्त्वावर उभा आहे. २०२३ च्या अहवालात तीस हजारांवर निरीक्षकांच्या तीन कोटींच्या घरातल्या नोंदी वापरल्या गेल्या, ९४२ जातींचा आढावा घेतला गेला, आणि दीर्घकालीन कल ठरवता आलेल्या ३३८ जातींपैकी २०४ जाती घटल्याचे दिसले. पण हे प्रमाण काढता येते ते यादीत दिसलेले सगळे पक्षी लिहिले असतील तरच. फक्त नवलाचा पक्षी लिहून साळुंकी, कावळा, बगळा सोडून दिला तर त्या यादीतून ‘धोबी नव्हता’ हे सिद्ध होत नाही. म्हणून नवलाच्या नोंदीला मी मान देतो तो अटीवर: ती पूर्ण यादीचा भाग असली पाहिजे.

आणखी एक शंका अभ्यासू माणसे काढतात. उशिरा दिसलेला पक्षी म्हणजे उशिरा निघणारा पक्षी, हे गृहीत का धरायचे? धरू नये. तुताऱ्या आणि चिखलपक्ष्यांतले काही एक वर्षाचे पक्षी पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेला जातच नाहीत. वीण करायचे वय झालेले नसल्याने ते इथेच राहतात. जूनमधली ठिपकेवाली तुतारी अशी न गेलेली असेल, किंवा जखमी असेल, किंवा उत्तरेत वीण फसल्याने लवकर परतलेलीही असेल. चातकाबाबत तर पेच दुहेरी आहे. आफ्रिकेतून पावसाआधी येणारा चातक आपण सर्व जाणतो, पण दक्षिण भारतात बारमाही राहणारी त्याची एक उपजातही आहे, त्यामुळे मेमध्ये मारतहळ्ळीत दिसलेला चातक समुद्र ओलांडून आला असे त्या नोंदीवरून म्हणता येणार नाही. अशा प्रश्नांचा निकाल उपग्रहाला जोडलेल्या यंत्रांनी लागतो. मंगोलियात २०१९ मध्ये असे यंत्र बसवलेला ओनोन नावाचा नर कोकीळजातीचा पक्षी हिवाळ्याला झांबियात गेला आणि मे २०२० मध्ये अरबी समुद्र ओलांडून मध्य प्रदेशातून मंगोलियाला परतला. हे यंत्र सांगते. पण यंत्र मोजक्याच पक्ष्यांवर बसते, आणि महागही असते. एका पक्ष्याचा पूर्ण मार्ग यंत्राकडून कळतो, हजारो पक्ष्यांचा एका जागेवरचा क्षण माणसांकडून. दुसऱ्यासाठी पिसाऱ्याचे नीट वर्णन, वयाचा अंदाज, पक्षी लंगडत होता का, हे लिहिलेले असले तर नंतरच्या अभ्यासकाला न गेलेला पक्षी आणि उशिरा जाणारा पक्षी वेगळे काढता येतात.

सांगण्याने पक्ष्याचा घात होतो, या आक्षेपाला मी सर्वांत जास्त वजन देतो. जागा कळली की छायाचित्रकारांची गर्दी होते, ध्वनिमुद्रित हाका वाजवून पक्ष्याला बाहेर काढले जाते. घरट्याच्या बाबतीत, घुबडांच्या ढोलीच्या बाबतीत जागा सांगूच नये. यावर वाद घालण्यासारखे काही नाही. वसंतातल्या वाटसरूंचे थोडे निराळे आहे, कारण ते बहुधा एक-दोन दिवसांत जातात आणि बातमी पसरेपर्यंत जागा रिकामी होते. तरीही याच पक्ष्याला त्या दोन दिवसांत सर्वांत जास्त खायचे असते. लांब उड्डाणापूर्वी काही चिखलपक्षी आपले वजन जवळजवळ दुप्पट करतात. त्या चरबीवर पुढचे शेकडो किलोमीटर अवलंबून. दर दहा मिनिटांनी उडवून लावलेला पक्षी कमी चरबी घेऊन निघतो आणि त्याची किंमत आपल्याला न दिसणाऱ्या ठिकाणी मोजतो. तेव्हा नोंद त्याच दिवशी करावी, तारीख अचूक लिहावी, पण नेमकी जागा आठवडाभराने उघड करावी. तारखेचे मूल्य उशिरा सांगितल्याने कमी होत नाही.

हे सारे कशासाठी, याचे उत्तर तळ्याच्या काठावरच आहे. बंगळुरूतल्या तलावांचा गाळ काढून त्यांचे पुनरुज्जीवन करण्याची कामे गेली काही वर्षे चालली आहेत, त्यांत बेळ्ळंदूर आणि वर्तूरही आहेत. सारजापूर रस्त्यावरचे कैकोंद्रहळ्ळी तळे रहिवाशांच्या आग्रहामुळे वाचले, हे याच भागातले चांगले उदाहरण. पण पुष्कळ ठिकाणी पुनरुज्जीवन म्हणजे काठ उभे कापून, सगळीकडे सारखी खोली करून, भोवती चालण्याची वाट बांधणे असेच झाले आहे. खोल पाण्यावर बदके आणि पाणकावळे राहतात. तुतारी, टिलवा, पिवळा धोबी यांना बोटभर पाणी आणि ओला चिखल लागतो, आणि तो चिखल मार्च-एप्रिलमध्ये पाणी आटताना उघडा पडतो, नेमका त्यांच्या निघण्याच्या तयारीच्या आठवड्यांत. जानेवारीच्या गणनेत हा चिखल पाण्याखाली असल्याने मोजलाच जात नाही. अभियंत्यापुढे ‘पक्ष्यांना त्रास होईल’ असे मोघम म्हणणे टिकत नाही. पूर्वेकडचा एवढा उथळ पट्टा उतरता ठेवा, आणि मार्चपासून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे यंत्रे लावू नका, असे सांगायचे तर सलग पाच-सहा वर्षांच्या आठवडावार याद्या हातात हव्यात. त्यांत शेवटचा धोबी गेल्यानंतरच्या, धोबी नसलेल्या मेमधल्या याद्याही हव्यात. आज मारतहळ्ळीच्या तळ्यांसाठी सर्वांत जास्त उणीव त्यांचीच आहे.